उंची वाढविलेल्या फोर व्हील ड्राइव्ह वाहनातील शक्तिपारेषण यंत्रणेची कंपने : कारणमीमांसा व निदानपद्धती
(आष्टी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला आष्टी तालुका हा अवर्षणप्रवण तालुका म्हणून ओळखला जातो. बालाघाटाचा चढउतार, पावसाळ्यात अचानक भरून वाहणारे ओढे आणि मुख्य रस्त्यापासून दूर असलेल्या वाड्या-वस्त्या यांमुळे या भागात जीप हे वाहन केवळ हौसेचे राहिलेले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते आष्टी या लोहमार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली. तथापि स्थानकापासून वस्तीपर्यंतचा आणि वस्तीपासून शेतापर्यंतचा प्रवास रस्त्यावरच अवलंबून आहे.

जीप या वाहनाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध जुना आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने मुंबईतील माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच परंपरेतील एमएम ५४० सारखी वाहने, तसेच १९८५ पासून रस्त्यावर आलेली मारुती जिप्सी ही ग्रामीण भागात अनेक वर्षे राबली. आष्टीला जवळ असलेल्या अहिल्यानगर येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. म्हणजेच वाहनविषयक उच्च दर्जाचे ज्ञान या परिसराला भौगोलिकदृष्ट्या दूर नाही. प्रश्न आहे तो हे ज्ञान रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्याचा.

खडकाळ वाटेवर वाहनाचा तळ घासू नये म्हणून त्याची उंची वाढविली जाते. कधी जाड टायर व उंच शॅकल बसवून हे हेतुपुरस्सर केले जाते, तर कधी जास्त वजन पेलावे म्हणून एखादा पाटा वाढविला जातो आणि उंची नकळत वाढते. काही दिवसांनी चालक तक्रार करतो, की विशिष्ट वेगाला गाडीचा तळ थरथरतो व गुणगुणल्यासारखा आवाज येतो. मग क्रॉस बदलले जातात, चाकांचे बॅलन्सिंग होते, शाफ्ट शहरात पाठविला जातो. खर्च होतो, थरथर मात्र कायम राहते. प्रस्तुत लेखात या समस्येची कारणमीमांसा केली आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) उंची वाढविल्याने शक्तिपारेषण यंत्रणेच्या भूमितीत होणारा बदल स्पष्ट करणे.
२) कंपनाच्या वारंवारतेवरून त्याचा उगम ओळखण्याची रीत मांडणे.
३) साध्या साधनांच्या आधारे करता येणारी निदानाची क्रमबद्ध पद्धती सुचविणे.

शक्तिपारेषण यंत्रणेची रचना :

फोर व्हील ड्राइव्ह वाहनात इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तेथून एक प्रोपेलर शाफ्ट मागील व दुसरा पुढील डिफरन्शिअलकडे जातो. जिप्सीसारख्या वाहनात ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असल्याने त्या दोहोंमध्ये आणखी एक आखूड शाफ्ट असतो. म्हणून अशा वाहनात कंपनाचे संशयित तीन शाफ्ट असतात, ही बाब निदान करताना विसरून चालत नाही.

ट्रान्सफर केस चेसिसला जोडलेली असते, तर डिफरन्शिअल हा पाट्यांवर वरखाली होणाऱ्या ॲक्सलचा भाग असतो. या दोहोंतील बदलता कोन सांभाळण्याचे काम शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस करतात आणि बदलते अंतर सांभाळण्याचे काम सरकता स्प्लाइन जोड करतो. वाहन उंच केले म्हणजे चेसिस व त्यासोबत ट्रान्सफर केस वर जाते, ॲक्सल मात्र जवळजवळ आहे त्याच पातळीवर राहतो. परिणामी शाफ्टचा उतार वाढतो.

ज्या वाहनांत पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असते, त्यांत पुढील डिफरन्शिअल चेसिसलाच बसविलेले असते. तेथे पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन सहसा बदलत नाही. कोन वाढतो तो चाकांकडे जाणाऱ्या आखूड शाफ्टच्या सांध्यांचा. २०२० पासूनची थार या प्रकारात मोडते. जुन्या, दोन्ही बाजूंना पाटे असलेल्या जीपला लागू पडणारे निष्कर्ष अशा वाहनाच्या पुढच्या भागास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

क्रॉस जोडाचे गणित :

सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्डानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक या दोघांची नावे या जोडाला चिकटलेली आहेत. या जोडाचा एक मूलभूत दोष असा, की तो कोनात फिरत असता एका बाजूची गती एकसारखी असली तरी दुसऱ्या बाजूची गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते व दोनदा कमी होते. कमाल गती ही मूळ गतीला कोनाच्या कोसाइनने भागून मिळते, तर किमान गती मूळ गतीला त्याच कोसाइनने गुणून मिळते.

हे एका उदाहरणाने पाहता येईल. एखाद्या जीपच्या मागील शाफ्टची लांबी दोन क्रॉसच्या मध्यांपासून ६०० मिलिमीटर असून त्याचा उतार ६ अंश आहे, तसेच ट्रान्सफर केसचा व पिनियनचा अक्ष क्षैतिज आहे, असे समजू. वाहन ७५ मिलिमीटरने उंच केल्यास हा उतार सुमारे १३ अंश होतो. कमाल व किमान गतीतील फरक ६ अंशांवर मूळ गतीच्या सुमारे १.१ टक्के असतो, तो १३ अंशांवर सुमारे ५.२ टक्के होतो. कोन दुपटीहून थोडा अधिक झाला. गतीतील चढउतार मात्र साडेचार पटींहून अधिक वाढला. याचे कारण हा चढउतार ढोबळमानाने कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यातून निर्माण होणारा हिसका वेगाच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ताशी ४० किलोमीटरला न जाणवणारे कंपन ६० किलोमीटरला सव्वादोन पट तीव्र होऊन जाणवते. याच उदाहरणात दोन क्रॉसमधील अंतर सुमारे १२ मिलिमीटरने वाढते, म्हणजे स्प्लाइन तेवढी बाहेर सरकते. शाफ्ट जितका आखूड, तितका उंचीच्या त्याच वाढीचा परिणाम मोठा, हेही यावरून लक्षात येते.

समान कोनांचा नियम :

एका क्रॉसने निर्माण केलेला चढउतार दुसऱ्या क्रॉसने नाहीसा करावा, हे शाफ्टच्या रचनेमागील तत्त्व आहे. त्यासाठी तीन अटी आहेत. दोन्ही क्रॉसचे कोन समान असावेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे यॉक एकाच पातळीत असावेत. आणि तिन्ही अक्ष एकाच प्रतलात असावेत. पहिली अट साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये सहसा ट्रान्सफर केसचा अक्ष व पिनियनचा अक्ष समांतर ठेवून पाळली जाते.

दोन कोन असमान असल्यास उरणारा दोष काढण्याचे साधे सूत्र आहे : दोन कोनांच्या वर्गांची वजाबाकी करून तिचे वर्गमूळ घ्यावे. येणारा कोन म्हणजे शिल्लक दोषाचा समतुल्य कोन होय. तो साधारणतः ३ अंशांच्या आत असावा असे मानले जाते. वरील उदाहरणात उंच शॅकलमुळे, किंवा शाफ्टचा उतार कमी करण्याच्या सद्हेतूने पाचर बसविल्यामुळे, पिनियनचे नाक ४ अंशांनी वर उचलले गेले असे समजू. आता पुढचा कोन १३ व मागचा ९ अंश झाला. फरक अवघा ४ अंशांचा दिसतो. परंतु १६९ मधून ८१ वजा करून वर्गमूळ काढल्यास समतुल्य कोन सुमारे ९.४ अंश येतो. म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून अधिक. मागच्या क्रॉसचा ताण कमी व्हावा म्हणून केलेल्या उपायाने कंपन वाढले, असा हा विपरीत परिणाम आहे.

‘पिनियन शाफ्टच्या रोखाने वळवावे’ हा गॅरेजमधील प्रचलित सल्ला म्हणूनच अर्धसत्य आहे. ट्रान्सफर केसकडील टोकाला दुहेरी क्रॉसचा जोड असेल, तरच तो योग्य ठरतो. कारण असा जोड आपला दोष बव्हंशी स्वतःच भागवितो. साध्या क्रॉसच्या शाफ्टला तोच सल्ला दिल्यास बिघाड होतो.

दुसऱ्या अटीचा भंग याहून गंभीर असतो. ग्रीसिंगसाठी स्प्लाइन वेगळी करून खूण न पाहता जोडल्यास यॉक एकमेकांस काटकोनात बसू शकतात. अशा वेळी दोष वजा होण्याऐवजी त्यांची बेरीज होते. दोन्ही कोन १३ अंशांचे असूनही समतुल्य कोन सुमारे १८.४ अंशांवर जातो.

येथे एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. कोन समान केल्याने पिनियनची गती एकसारखी होते, पण मधला शाफ्ट स्वतः तसाच कमी-अधिक गतीने फिरत राहतो. त्यामुळे दोन्ही कोन समान परंतु मोठे असल्यास काही कंपन उरतेच. उलटपक्षी कोन पूर्णतः शून्य असणेही इष्ट नाही. क्रॉसच्या सुई बेअरिंगची थोडी हालचाल व्हावी यासाठी निदान अर्धा ते एक अंश कोन आवश्यक असतो. अन्यथा सुया एकाच जागी दाबल्या जाऊन खाचा पडतात.

वारंवारतेवरून उगमाची ओळख :

कंपन कोठून येते हे हाताच्या स्पर्शाने सांगणे कठीण असले, तरी ते सेकंदाला किती वेळा होते यावरून बरेच काही कळते. टायरचा व्यास ०.७५ मीटर, डिफरन्शिअलचे गुणोत्तर ४ आणि वेग ताशी ६० किलोमीटर घेतल्यास पुढील आकडे मिळतात.

१) चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे घेते. चाक वा टायर यांच्या असंतुलनाचे कंपन या गतीचे, म्हणजे संथ हेलकाव्यासारखे असते.
२) शाफ्ट सेकंदाला सुमारे २८ फेरे घेतो. शाफ्ट वाकलेला वा असंतुलित असल्यास कंपन या गतीचे असते.
३) क्रॉसच्या कोनाचा दोष प्रत्येक फेऱ्यात दोनदा प्रकटतो, म्हणून त्याचे कंपन सेकंदाला सुमारे ५७ वेळा होते. गुणगुण ऐकू येते ती यामुळेच.

यात एक फसगत संभवते. गिअर थेट म्हणजे १ गुणोत्तराचा असेल आणि ट्रान्सफर केसही हाय रेंजमध्ये १ गुणोत्तराची असेल, तर इंजिन शाफ्टच्याच गतीने फिरते. चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे त्याचीही वारंवारता ५७ च येते. निव्वळ आकड्यावरून इंजिन व क्रॉस यांत फरक करता येत नाही. उपाय सोपा आहे : वेग तोच ठेवून खालचा गिअर टाकावा. गिअरचे गुणोत्तर १.५ असल्यास इंजिनाची वारंवारता ८५ च्या आसपास जाते. कंपन तेच राहिले तर दोष गिअरबॉक्सच्या पुढील भागात, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शिअल वा चाके यांत आहे.

मोबाइल फोनमधील त्वरणमापकाचा यासाठी उपयोग करता येतो. मात्र उपकरण सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर ५० पेक्षा अधिक वारंवारता त्यात खरी दिसत नाही. ५७ चे कंपन तेथे ४३ म्हणून उमटते आणि निदान चुकते. तसेच मोठे टायर बसविलेल्या वाहनात स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवितो. व्यास ०.७५ वरून ०.८० मीटर झाल्यास प्रत्यक्ष ६० चा वेग सुमारे ५६ दिसतो. गणितात प्रत्यक्ष वेग व प्रत्यक्ष व्यासच घ्यावयास हवा.

निदानाची क्रमबद्ध पद्धती :

निदानाचा क्रम स्वस्त व निरुपद्रवी तपासणीपासून खर्चिक तपासणीकडे जाणारा असावा.

पहिला टप्पा – स्वच्छता व दृश्य तपासणी : रिमच्या आतील बाजूस व शाफ्टवर वाळलेला चिखल हेदेखील असंतुलनाचे कारण असते, म्हणून प्रथम वाहन धुवावे. शाफ्टला पडलेली पोचट, गळून गेलेले बॅलन्सिंगचे वजन, सैल यू-बोल्ट, फाटलेले गिअरबॉक्सचे रबर माउंटिंग यांची पाहणी करावी. क्रॉसच्या कपाभोवती तांबूस पूड दिसल्यास तो क्रॉस कोरडा पडला आहे असे समजावे. पिनियनला ढिलाई असल्यास बेअरिंगची तपासणी अपरिहार्य ठरते.

दुसरा टप्पा – रस्त्यावरील चाचणी : मोकळ्या, सरळ व सपाट रस्त्यावरच ही चाचणी करावी, घाटात कदापि करू नये. कंपन सुरू होते त्या वेगाला गाडी न्यूट्रल करून इंजिन मंद चालू ठेवावे. कंपन टिकून राहिल्यास इंजिन दोषमुक्त ठरते. त्यानंतर ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना होणारा फरक पाहावा. शक्ती लागू होताच मागील पिनियनचे नाक वर उचलले जाते आणि सोडताच खाली येते. शक्ती दिल्यावर कंपन कमी व सोडल्यावर अधिक होत असेल, तर पिनियन आवश्यकतेपेक्षा खाली झुकलेले असण्याचा संभव असतो. याउलट असेल तर ते अधिक वर आहे. पुढील ॲक्सलमध्ये हीच हालचाल उलट दिशेने होते. शक्ती देण्या-सोडण्याने काहीच फरक पडत नसेल, तर प्रथम असंतुलनाचा विचार करावा.

तिसरा टप्पा – शाफ्ट वेगळा करून चाचणी : पुढील हब मोकळे होत नसतील, तर टू व्हील ड्राइव्हमध्येही पुढचा शाफ्ट चाकांमुळे फिरत असतो. तो काढून चाचणी घेतल्यास दोष पुढचा की मागचा हे निश्चित होते. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे असतो. तेथे मागचा शाफ्ट काढताच हँडब्रेक निरुपयोगी होतो. म्हणून कोणताही शाफ्ट काढण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावणे अनिवार्य आहे. दोन्ही शाफ्ट जोडलेले असताना कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्हमध्ये चाचणी घेऊ नये. पुढच्या व मागच्या चाकांच्या फेऱ्यांतील फरकाने यंत्रणेत पीळ साठतो व नवेच दोष उद्भवतात.

चौथा टप्पा – कोनमापन : वाहन सपाट जागी, चाकांवर उभे असताना व नेहमीच्या वजनासह कोन मोजावेत. जॅकवर ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप निरर्थक असते. विद्यार्थ्याचा कोनमापक व त्याच्या मध्यबिंदूतून सोडलेला ओळंबा एवढ्या साधनांनीही एक अंशाच्या जवळपास माप मिळते. ट्रान्सफर केसची फ्लँज, शाफ्टची नळी व पिनियनची फ्लँज या तीन ठिकाणांचे उतार एकाच बाजूने मोजून वहीत नोंदवावेत. लगतच्या दोन उतारांतील फरक म्हणजे त्या क्रॉसचा कोन. मागाहून वर दिलेल्या सूत्राने समतुल्य कोन काढावा.

पाचवा टप्पा – शाफ्टचे बॅलन्सिंग : कोन योग्य असून कंपन फेऱ्याला एकदाच होत असेल, तरच शाफ्ट बॅलन्सिंगसाठी पाठवावा. कोनाचा दोष बॅलन्सिंगने जात नाही, कारण तो वजनाचा दोष नसतो. बहुतांश व्यर्थ खर्च या एका गैरसमजातून होतो.

उपाययोजना व त्यांच्या मर्यादा :

पिनियनचा कोन बदलण्यासाठी पाटा व ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर बसविली जाते. पाचरीचे अंश मापनावरून ठरवावेत, अंदाजाने नव्हे. बसविल्यानंतर काही अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळणे आवश्यक असते. पिनियन फार वर वळविल्यास त्याच्या पुढील बेअरिंगपर्यंत तेल पोहोचेनासे होते. पुढील ॲक्सलबाबत तर अधिक दक्षता हवी. तेथे पिनियन वर वळविल्यास कॅस्टर कोन घटतो आणि वाहन सरळ धरून चालेनासे होते. कंपन गेले पण स्टिअरिंग बिघडले, असा सौदा प्रवाशांच्या जिवावर बेतणारा आहे.

ट्रान्सफर केसचा क्रॉस मेंबर थोडा खाली घेणे, दुहेरी क्रॉसचा शाफ्ट बसविणे हे अन्य पर्याय होत. स्प्लाइन अधिक बाहेर सरकली असल्यास लांब शाफ्ट करून घ्यावा. हे सर्व करूनही समाधान न झाल्यास उंची कमी करणे हाच शास्त्रीय उपाय ठरतो. धावत्या वाहनाचा शाफ्ट पुढच्या टोकाला निखळल्यास तो रस्त्यात रुतून वाहन उलटू शकते. म्हणून थरथर ही केवळ गैरसोय समजून दुर्लक्षिणे योग्य नव्हे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ही भूमिका अधिक स्पष्ट केली आहे. प्रवासी वाहतुकीच्या वाहनाबाबत तर ही बाब विशेष महत्त्वाची होय.

निष्कर्ष :

१) उंची वाढविलेल्या वाहनातील कंपन हे बहुधा एखाद्या सुट्या भागाचे नसून भागांच्या परस्पर कोनांचे असते. भाग बदलणे म्हणजे निदान नव्हे.
२) कोनातील अल्प फरकाचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे अयोग्य आहे.
३) फेऱ्याला एकदा होणारे कंपन असंतुलनाचे व दोनदा होणारे कोनाचे, हा भेद निदानाचा पाया आहे.
४) कोन मोजण्यापूर्वी शाफ्टवर खर्च करू नये.
५) या निदानासाठी लागणारे त्रिकोणमिती व तरंगगतीचे ज्ञान कनिष्ठ महाविद्यालयीन अभ्यासक्रमापलीकडचे नाही. आष्टीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयातील गणित व भौतिकशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना कोनमापक व ओळंबा घेऊन स्थानिक गॅरेजमध्ये नेल्यास प्रात्यक्षिकाचा एक जिवंत विषय मिळेल. कारागिराच्या हाताला मापनाची जोड मिळेल आणि दररोज त्या जीपमधून प्रवास करणाऱ्यांचा प्रवास अधिक सुरक्षित होईल.